मार्चचा अंक

रविवारी सकाळी प्रतिभा मोखाड्याच्या एसटीतून जव्हारला उतरली तेव्हा तिच्या पिशवीत पन्नास मास्क, आईच्या दम्याचा नवा पंप आणि नायलॉनच्या सुतळीचे दोन गुंडे होते. मोखाड्यात ती नऊ वर्षं नर्स होती. घरच्यांशीही ती पेशंटशी बोलावं तसंच बोलायची. म्हणजे काय करायचं ते आधी सांगायचं आणि कारण नंतर, कुणी विचारलंच तर.

घरापुढे जिवा भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. पुढच्या खोलीत, मधल्या खोलीच्या बंद दाराला खुर्ची टेकवून तिचे वडील, रोहिदास गुरुजी, बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी महत्त्वाच्या दिवशी ते शाळेत निघाल्यासारखे तयार होत.

"कधीपासून बसलेत?" प्रतिभाने आईला विचारलं.

"चहाच्या आधीपासून," पुष्पलता म्हणाली. "आंघोळीला उठले तेव्हा मोठ्या बाबांना खुर्चीत बसवून गेले."

मोठे बाबा म्हणजे भिका, गुरुजींचे थोरले भाऊ. भात झोडून झालं होतं, नाचणी घरात आली होती, म्हणून साखरशेतहून ते शनिवारीच आले होते. त्यांना दोघांनी बोलावलं होतं. गुरुजींना समजवा म्हणून धर्मेंद्रने, प्रतिभाच्या थोरल्या भावाने, फोन केला होता. आणि माझ्या बाजूने उभा राहा म्हणून गुरुजींनी. भिका दोघांनाही हो म्हणाले होते आणि सोबत पाच किलो नाचणी घेऊन आले होते.

मधली खोली बारा बाय दहाची होती. तिच्यात अडतीस वर्षांचा कागद होता. दैनिकं, साप्ताहिकं, मासिकं, दिवाळी अंक, खात्याची परिपत्रकं, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, आणि जामसरच्या शाळेतल्या एका वर्षाच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका. ज्यांच्या त्या उत्तरपत्रिका होत्या त्यांतल्या दोघांना आता नातवंडं होती. गठ्ठे छतापर्यंत गेले होते. खिडकी होती, पण ती कुठल्या भिंतीला हे आठवावं लागे. स्वयंपाकघर त्या खोलीच्या पलीकडे होतं. पूर्वी गठ्ठ्यांमधून एक वाट होती, आडवं होऊन जाता येईल एवढी. पाच वर्षांपूर्वी तीही बुजली. तेव्हापासून पुष्पलता पुढच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाई. पावसाळ्यात पाहुण्यांना जेवायला छत्री घेऊन जावं लागे. पाहुणे कमी झाले होते.

नोव्हेंबरात पुष्पलताचा दमा एवढा वाढला की तिला नाशिकला चार दिवस ठेवावं लागलं. डॉक्टरांनी घरात धूळ आहे का विचारलं. प्रतिभाने मोबाइलवर मधल्या खोलीचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि औषधांच्या चिठ्ठीत सगळ्यात वर मराठीत लिहिलं, 'हे काढा'.

घरी आल्यावर पुष्पलताने ती चिठ्ठी गुरुजींना वाचायला दिली. म्हणाली, "एक तर हे जाईल, नाहीतर मी प्रतिभाकडे जाईन." गुरुजींनी तीन आठवड्यांची मुदत मागितली. मुदत आज संपत होती. पुष्पलताची पेटी ओट्यावर भरून ठेवलेली होती.

"बाबा, उठा," प्रतिभा म्हणाली.

"बस. चहा घे. मी वर्गीकरण केलंय." गुरुजींनी खिशातून घडी केलेला फुलस्केप काढला. त्यावर तीन रकाने आखले होते. पहिल्याचं नाव 'ठेवायचे', दुसऱ्याचं 'पुन्हा पाहायचे'. दोन्ही रकाने बारीक अक्षरांत गच्च भरले होते. तिसऱ्याला नाव नव्हतं आणि तो कोरा होता.

धर्मेंद्र पालघरला एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. त्याने कागद हातात घेऊन नीट वाचला, कारण कागद नीट वाचायचीच त्याला सवय होती. "बाबा, आमच्याकडेसुद्धा जुन्या फायली नष्ट करायचा नियम आहे. ठरावीक वर्षांनी."

"तुमच्याकडे पुढचा साहेब विचारत नाही. इथं मला कुणी विचारलं तर?"

"काय विचारलं तर?"

गुरुजींनी खुर्ची दाराला आणखी घट्ट टेकवली.

"मोठे बाबा, तुम्ही तरी सांगा," धर्मेंद्र म्हणाला.

भिकांनी भावाकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. "मना काय वाचता येत नाय," ते म्हणाले. "मी काय सांगू? तो शिकला. त्याला ठावं कठला कागद कामाचा." मग थोडं थांबून म्हणाले, "पण बायला दम लागतो, तं बी खरा."

दोन्ही पक्षांना हे आपल्याच बाजूचं वाटलं. भिका तेवढ्यासाठीच घरात मानले जात.

अर्धा तास असाच गेला. जिवा आत डोकावून म्हणाला, "गुरुजी, मना पुढं विक्रमगडला जायचाय. भरायचा हाय का नाय?"

पुष्पलता उठली. तिने ओट्यावरची पेटी उचलली, टेम्पोपाशी गेली, पेटी मागच्या हौद्यात ठेवली आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. "जिवा," ती म्हणाली, "रद्दी न्यायची नसेल तर मला मोखाड्याला सोड. फेरी रिकामी नको जायला."

जिवाने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

गुरुजी खुर्चीतून उठले.

*

दाराजवळचे गठ्ठे आधी निघाले. भिका आणि धर्मेंद्र बाहेर आणत, प्रतिभा ओल्या फडक्याने पुसे, जिवा हौद्यात रचे. पुष्पलताला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वारा जिकडून येत होता तिकडे, मास्क लावून बसवलं होतं. पेटी खाली उतरवली होती, पण घरात नेली नव्हती.

गुरुजी टेम्पोच्या मागे उभे होते. प्रत्येक गठ्ठा हौद्यात जाण्याआधी ते सुतळी सोडत, चाळत, परत बांधत. पहिल्या तासात अकरा गठ्ठे झाले. खोलीत किती असतील याचा धर्मेंद्रने अंदाज केला आणि कुणाला सांगितला नाही.

"बाबा, काय शोधताय?"

"काही नाही."

ते एक अंक शोधत होते. 'ओसरी' नावाचं मासिक, मार्च एक्क्याण्णव. फिकट हिरवं मुखपृष्ठ, वर सुपात तांदूळ निवडणारी बाई.

त्या वेळी गुरुजी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे होते. मोखाड्याच्या पुढे, रस्ता संपल्यावर दोन तास चालून गेलं की बेहड्याचा पाडा लागे. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर त्यांची नेमणूक होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, धर्मेंद्र रांगत होता. मोखाड्याला मीटिंगला गेले असताना त्यांनी पोस्टातून पाड्याचं टपाल आणलं आणि वाटेत एका दगडावर बसून पाकीट फोडलं. मासिकाच्या चौतिसाव्या पानावर बायकोचं नाव होतं. पुष्पलताने काहीतरी लिहून पाठवलंय हे त्यांना माहीत होतं, पाकीट त्यांनीच टाकलं होतं. भाजीबिजीचं काही असेल असं त्यांनी धरलं होतं.

ते पान त्यांनी तिथंच दोनदा वाचलं. मग अंक शर्टाच्या आत घातला आणि पाड्यावर जाऊन सांगितलं, टपाल नाही.

अंक त्यांनी जाळला नाही. फाडला नाही. परिपत्रकांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवला. पुढच्या महिन्यापासून त्यांनी स्वतः 'ओसरी' घ्यायला सुरुवात केली, ते प्रकरण पुढे वाढतंय का हे पाहायला. वाढलं. मग थांबलं. पण गुरुजींचं घेणं थांबलं नाही. बदल्या झाल्या, बेहड्याहून जामसर, जामसरहून जव्हार, आणि प्रत्येक वेळी सामान हलवताना गठ्ठे फुटले, नवे बांधले गेले. साधारण अठ्ठ्याण्णव सालापासून तो अंक कुठल्या गठ्ठ्यात आहे हे त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून एकही गठ्ठा देता येत नव्हता. बाहेर कुणाच्या भेळीच्या पुडीतून ते पान पुष्पलताच्या हातात आलं असतं, अशी त्यांना भीती होती. पुष्पलता भेळ खात नसे, पण भीती होती.

बाराच्या सुमाराला भिकांच्या हातातल्या गठ्ठ्याची सुतळी कुजून तुटली. ओट्यावर मासिकं पसरली. प्रतिभा खाली बसून गोळा करू लागली. एक अंक उघडा पडला होता. फडकं फिरवता फिरवता ती थांबली.

"आई," तिने अंगणापलीकडे हाक मारली, "तू कधी मासिकात लिहिलं होतंस?"

"नाही," पुष्पलता मास्कमधून म्हणाली. "पाठवलं होतं एकदा. आलं नाही ते."

"आलंय."

गुरुजी टेम्पोपासून वळले. "तो अंक इकडे दे," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता. प्रतिभा हातातला अंक देणारही होती.

"वाच," पुष्पलता म्हणाली.

प्रतिभाने वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि वाचलं.

"वर नाव आहे, 'गुरुजी मीटिंगला गेले की'. मग, 'गुरुजी मीटिंगला गेले की शाळा मी उघडते. कडेवर बाळ असतं. पहिलीला मी फळ्यावर अक्षर काढून देते, ती गिरवतात. चौथीचा भागाकार मला येत नाही. पण चौथीत लहान्या नावाचा मुलगा आहे, त्याला येतो. तो आधी मला शिकवतो, मग मी बाकीच्यांना शिकवते. महिन्यातून आठ-नऊ दिवस गुरुजींना मीटिंग असते. परवा अचानक मोठे साहेब आले. मी फळ्याजवळ होते. साहेबांनी विचारलं, गुरुजी कुठे? मी म्हटलं, मुलं गोळा करायला वरच्या वस्तीवर गेले आहेत. ते खोटं होतं. साहेबांनी मुलांना भागाकार घातला. सगळ्यांचा बरोबर आला. साहेब म्हणाले, गुरुजींची मेहनत दिसते. मी त्यांना काळा चहा दिला. ते गेल्यावर मी पुन्हा घंटा वाजवली, कारण मुलं घाबरून गप्प बसली होती आणि मला शाळेचा आवाज ऐकायचा होता.'"

खाली पूर्ण नाव होतं आणि पत्ता होता. मुक्काम बेहड्याचा पाडा, तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता.

जिवाने हौद्यात बसकण मारली.

"महिन्यातून आठ-नऊ मीटिंगा?" धर्मेंद्र म्हणाला. त्याने सरकारी हिशोबाने विचारलं, त्यात दुसरा हेतू नव्हता. "एवढ्या कशा?"

"मीटिंग कठली," भिका म्हणाले. "दोन मीटिंगा असत. बाकी दिवस तो जव्हारला येऊन वाचनालयात बसं. पेपर वाचं. मी बाजाराला आलो का मना भेटं." सगळे आपल्याकडे पाहतायत हे त्यांच्या लक्षात आलं. "तुमाला ठावं नव्हता?" त्यांनी पुष्पलताला विचारलं. "मना वाटला ठावं हाय."

तेहेतीस वर्षं त्यांनी हे लपवलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

*

पुष्पलता अंगण ओलांडून आली. तिने प्रतिभाच्या हातून अंक घेतला आणि नाव वाचलं. नाव नीट छापलं होतं, ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती.

तिला टपालाचे दिवस आठवले. पाड्यावर पोस्टमन येत नसे, गुरुजीच सगळ्यांचं टपाल आणत. दर आठवड्याला ती विचारी, आलं का काही? नाही, गुरुजी म्हणत. असं तीनदा विचारल्यावर तिला विचारायची लाज वाटायला लागली. म्हणून तिने विचारणं सोडलं आणि आणखी लिहिलं, वेगळं, जरा चांगलं. दोन वेळा. पाकिटं गुरुजींच्या हातात दिली. त्यांचंही काही आलं नाही. तिने ठरवलं की आपल्याला जमत नाही. फार वाईट वाटलं असं नाही. भागाकार जमत नव्हता तसंच हे, एवढंच वाटलं. उरलेल्या वहीत तिने धर्मेंद्रला मुळाक्षरं गिरवायला दिली.

"तू मना सांगाचा होता," ती गुरुजींना म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने त्यांना चारचौघांत तू म्हटलं नव्हतं. ही पाड्यावरची बोली होती. तिच्यात नवऱ्याला तुम्ही म्हणणं नव्हतंच.

"तू साहेबांशी खोटं बोललीस हे छापून आलं होतं," गुरुजी म्हणाले. "नाव, पत्ता, सगळं. मी निलंबित झालो असतो."

"आई, ते खरंय," धर्मेंद्र म्हणाला. "गैरहजेरी, त्यात बाहेरच्या व्यक्तीने वर्ग चालवणं. चौकशी लागली असती. नोकरी गेली असती तर आज हे घर नसतं."

"तुला नोकरीच दिसते," प्रतिभा म्हणाली.

"त्याच नोकरीवर तुझं नर्सिंग झालं."

सकाळपासून ती आणि धर्मेंद्र एका बाजूला होते, आता नव्हते.

"बाहेरची व्यक्ती कोण?" पुष्पलताने विचारलं.

ती धर्मेंद्रकडे वळली.

"तुला कडेवर घेऊन मी त्यांना अक्षरं शिकवली. ती नोकरी निम्मी मी केली. गेली असती तर माझीपण गेली असती. मग मला विचारायला नको?"

गुरुजी टेम्पोच्या फळीला धरून उभे होते. आता गप्प राहिलं तरी चालेल असं त्यांना वाटलं. कारण सांगून झालं होतं, कारण खरं होतं, आणि मुलगा त्यांच्या बाजूने होता. पण ते तेहेतीस वर्षं त्या कारणाबरोबर राहिले होते आणि ते पुरत नाही हे त्यांना माहीत होतं.

"माझे चार लेख परत आले होते," ते म्हणाले.

"कसले लेख?"

"शिक्षणावर. आदिवासी भागातलं प्राथमिक शिक्षण, समस्या आणि उपाय. वेगवेगळ्या पेपरांना पाठवले. वाचनालयात तेच लिहीत बसायचो. चारही साभार परत आले. आणि तुझं पहिल्याच वेळी..." ते थांबले. "तुझं चांगलं होतं. मी दोनदा वाचलं. त्यात एक शब्द बदलावा असं काही नव्हतं."

पुष्पलताला खोकला आला. प्रतिभाने पंप दिला. तिने दोनदा ओढला आणि मास्क पुन्हा वर केला. भिका ओट्यावर बसले आणि त्यांनी पसरलेली मासिकं एकावर एक रचायला घेतली, चित्रांची एका बाजूला, बिनचित्रांची दुसऱ्या.

"पुढच्या अंकांत पत्रं आली होती," गुरुजी म्हणाले. हे त्यांनी सांगायचं ठरवलं नव्हतं. "वाचकांची."

"कुणाला?"

"तुला. मे महिन्यात पाच आणि जूनमध्ये चार."

"तुम्ही वाचलीत?"

"पाठ आहेत."

"म्हणा," पुष्पलता म्हणाली आणि त्यांच्याच खुर्चीत बसली. ती खुर्ची कुणीतरी कामाच्या आड येते म्हणून ओट्यावर आणून ठेवली होती.

गुरुजी फळी सोडून सरळ उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना होते. "संगमनेरहून एका बाईंचं होतं. शिक्षिका होत्या त्या. 'पुष्पलताताई, तुमचं पत्र मी आमच्या शाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे मुख्याध्यापक हसले नाहीत, बाकी सगळे हसले. तुमच्या लहान्याला भागाकार कुणी शिकवला ते लिहायचं राहिलं. ते कळवा. रजा काढून तुमची शाळा बघायला यावं असं मनात आहे, रस्ता कसा आहे तेही कळवा.'" ते थांबले. "शेवटी संपादकांची टीप होती. 'आणखी लिहा, वाट पाहतो.'"

"आल्या का त्या?"

"रस्ता कुणी कळवलाच नाही."

लहान्याला भागाकार त्याच्या आजाने शिकवला होता, जंगलखात्यात लाकडं मोजायला जायचा तो. ते पुष्पलताला अजून माहीत होतं. तेहेतीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, आणि एका बाईने विचारलं होतं.

"आणि माझी दोन पाकिटं? नंतर दिलेली?"

"टाकली नाहीत."

"फाडली?"

गुरुजींना हा प्रश्न खरोखर लागला. "मी कागद फाडतो का कधी?"

"मग कुठं आहेत?"

गुरुजींनी मधल्या खोलीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"जिवा," पुष्पलता म्हणाली, "चढवलेलं खाली घे."

"काय?"

"सगळं खाली घे. पाकिटं सापडल्याशिवाय एक कागद जायचा नाही."

"आवो ताई, सकाळी तुमीच..."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"आई, तुझा दमा," प्रतिभा म्हणाली.

"मास्क किती आणलेत?"

"पन्नास."

"मग झालं."

जिवाने विक्रमगडला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं.

*

शोध मंगळवार दुपारपर्यंत चालला. प्रतिभाने दोन दिवसांची रजा टाकली. धर्मेंद्रने एकच टाकली आणि मग, आपण गेलो तर आपल्यामागे काय बोललं जाईल याचा विचार करून, दुसरीही टाकली. त्याने पद्धत घालून दिली: गठ्ठा अंगणात यायचा, पान न् पान पाहायचं, पाहून झालेल्यावर खडूने फुली, फुली पडली की टेम्पोत. गुरुजींना फुली मारायचं काम मिळालं. सुरुवातीला ते लहान फुल्या मारत होते. सोमवारी दुपारनंतर मोठ्या मारायला लागले.

पुष्पलता त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. जेवण वाढत होती. पेटी ओट्यावर होती तिथेच होती.

मे आणि जूनचे अंक रविवारीच सापडले. नऊही पत्रं तिने स्वतः वाचली, चष्मा पुसून पुसून, आणि गुरुजींनी म्हटलेल्याशी ताडून पाहिली. एका ठिकाणी त्यांनी 'फार' ऐवजी 'खूप' म्हटलं होतं. बाकी बरोबर होतं.

सोमवारी संध्याकाळी मधल्या खोलीला खिडकी लागली. ती पूर्वेला होती. भिकांनी कडी ठोकून ठोकून उघडली तेव्हा शेजारची बाई पलीकडून म्हणाली, "अगंबाई, इथं खिडकी आहे?"

पहिलं पाकीट मंगळवारी अकरा वाजता निघालं, पल्स पोलिओच्या परिपत्रकांमध्ये. तिकीट लावलेलं होतं. पुष्पलताने ते अंगणात उभ्यानेच फोडलं. आत वहीची चार पानं होती, निळ्या शाईची, आणि तिचं त्या वेळचं अक्षर, जरा मागे झुकलेलं. सगळे काम थांबवून तिच्याकडे पाहत होते. गुरुजींच्या हातातला खडू तसाच होता.

तिने चारही पानं वाचली. पहिलं पुन्हा वाचलं.

"काय आहे?" प्रतिभाने विचारलं.

"हे काही खास नाही," पुष्पलता म्हणाली. "भागाकारावरच फार लिहिलंय."

गुरुजींनी खडू खाली ठेवला.

"दुसरं चांगलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यात मी पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तेव्हाचं लिहिलं होतं. पोरं अलीकडे अडकली आणि रात्रभर शाळेत झोपली, ते. सगळ्यांना मी पेज केली होती. ते चांगलं होतं."

दुसरं पाकीट सापडलं नाही. शेवटचा गठ्ठा दोन वाजता संपला. तळाला वाळवीने खाल्लेला एक थर होता, त्यातून जे निघालं ते कागद म्हणावं असं नव्हतं. भिकांनी तो घमेल्यात भरून परसात नेऊन टाकला. टेम्पो चौथ्यांदा भरून गेला. मधली खोली रिकामी झाली आणि प्रतिभा तिच्यातून चालत थेट स्वयंपाकघरात गेली, मग परत आली, मग पुन्हा गेली. धर्मेंद्रही एकदा जाऊन आला.

दुपारच्या गाडीला दोघं निघाली. प्रतिभाने आईच्या पेटीकडे पाहिलं. "येतेस?"

पुष्पलताने विचार केला. खरोखरच केला, एसटीची वेळ विचारली, मोखाड्यात थंडी किती आहे विचारलं. "आठवड्याने बघते," ती शेवटी म्हणाली. "तू खोली तयार ठेव."

गुरुजी हे ऐकत दारात उभे होते. त्यांच्या सदऱ्याला खडू लागला होता.

मुलं गेल्यावर भिकांनी रिकाम्या खोलीत चटई टाकली आणि झोपले. पुष्पलता ओट्यावर बसली. तिने मास्क काढला.

"त्या बाईंनी विचारलं होतं, लहान्याला भागाकार कुणी शिकवला," ती म्हणाली. "ते सांगायचं राहिलंय. आणि ओढ्याचं परत लिहून काढते. आठवतंय मला."

"मी कागद आणू?" गुरुजींनी लगेच विचारलं आणि आत वळले. मधल्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन थांबले. आत भिका झोपले होते आणि दुसरं काही नव्हतं. सगळं घर शोधलं तरी एक कोरं पान निघालं नसतं. जो एक फुलस्केप होता त्याचा तिसरा रकाना तेवढा मोकळा होता.

"दुकानातून वही आणते," पुष्पलता म्हणाली.

"मी जातो."

ती त्यांना नको म्हणाली नाही. गुरुजी चपला घालून निघाले. बाजारपेठेतल्या दुकानात त्यांनी वही मागितली. दुकानदाराने विचारलं, कसली? गुरुजींनी आयुष्यभर मुलांना कसली वही आणायची ते सांगितलं होतं. बायको कसल्या वहीवर लिहायची हे त्यांना आठवेना. निळ्या शाईतली ती चार पानं त्यांनी सकाळी तीन फुटांवरून पाहिली होती, हातात मागायची हिंमत झाली नव्हती.

अर्ध्या तासाने ते परत आले आणि ओट्यावर तीन वह्या ठेवल्या. एक एकरेघी, एक दुरेघी, एक बिनरेघी.

पुष्पलताने तिन्ही उघडून पाहिल्या. एकरेघी ठेवून घेतली. बाकी दोन त्यांच्याकडे सरकवल्या.

"ह्या परत करून या," ती म्हणाली. "घरात उगाच कागद नको."

गुरुजींनी वह्या उचलल्या आणि पुन्हा चपला घातल्या.